टिंगीची घोंगडी चिरेत अडकली

डोंगरात होती एक उंदरी. एवढीशी! तिचं नाव टिंगी.

टिंगीची होती एक घोंगडी. काट्यांना अडकलेली मेंढीची लोकर वेचून विणलेली. भिजली तरी ऊब देणारी.

टिंगीने घोंगडी धुतली. वाळत कुठे घालायची? समोर होता सागाचा ओंडका. ओंडक्याला होती मोठी चीर. चिरेत होती पाचर, बाभळीचा टोकदार तुकडा. टिंगीने घोंगडी टाकली पाचरीवर.

घोंगडी वाळली. टिंगीने ओढली.

टुप्! पाचर निघाली. खट्ट! चीर मिटली. घोंगडी आत!

"अगं बाई!" टिंगीचे डोळे झाले गोल गोल. "आता माझं पिल्लू काय पांघरणार?"

घरी पिल्लू कुडकुडत होतं. हुडहुड, हुडहुड.

"ओंडकेदादा, ओंडकेदादा, घोंगडी सोडा."

"पाचर शिरल्याशिवाय मी नाही उघडायचा!"

"आँ! घोंगडी माझी, आणि मलाच नाही म्हणता?"

निघाली टिंगी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाचरताई, पाचरताई, चिरेत शिर. ओंडका उघडेना, माझी घोंगडी सुटेना!"

"कुऱ्हाडीने ठोकल्याशिवाय मी नाही शिरायची!"

"आँ! तूसुद्धा?"

तुरुतुरु, तुरुतुरु.

"कुऱ्हाडमावशी, कुऱ्हाडमावशी, ऊठ. पाचर शिरेना, ओंडका उघडेना, माझी घोंगडी सुटेना!"

"दांडा आहे ढिला. पातं उडून लागेल कुणाला! दांडा घट्ट बसल्याशिवाय मी नाही उठायची!"

"आँ!"

तुरुतुरु, तुरुतुरु.

"दांडेकाका, दांडेकाका, घट्ट बसा. कुऱ्हाड उठेना, पाचर शिरेना, ओंडका उघडेना, माझी घोंगडी सुटेना!"

"उन्हाने मी आकसलोय. पाणी प्यायल्याशिवाय मी नाही बसायचा!"

"आँ! आँ!"

तुरुतुरु, तुरुतुरु.

"ओढेआजोबा, ओढेआजोबा, पाणी द्या. दांडा बसेना, कुऱ्हाड उठेना, पाचर शिरेना, ओंडका उघडेना, माझी घोंगडी सुटेना!"

"वाटेत बसलाय खेकडा. तो सरकल्याशिवाय मी नाही वाहायचा!"

आता मात्र टिंगीच्या मिशा थरथरल्या. खेकड्यासमोर तिने पाय आपटला. थाड्!

"खेकडेबुवा, खेकडेबुवा, सरका! ओढा वाहेना, दांडा बसेना, कुऱ्हाड उठेना, पाचर शिरेना, ओंडका उघडेना, माझी घोंगडी सुटेना! आता म्हणा नाही!"

"नाही कशाला? हा सरकलो बघ."

टिंगीने आ वासला. "आँ? लगेच?"

"मला आधी कुणी विचारलंच नव्हतं गं!"

खेकडा सरकला. खुडखुड.
ओढा वाहिला. झुळझुळ.
दांडा फुगला. टम्म!
कुऱ्हाड उठली, पाठीने ठोकू लागली. ठक् ठक्!
पाचर शिरली. सप्प!
ओंडका उघडला. कर्रर्र!
घोंगडी सुटली!

"आम्ही तर कधीचेच तयार होतो," सगळे म्हणाले.

"आँ!" म्हणाली टिंगी. घोंगडी उचलली आणि धूम पळाली.

पिल्लाला गुंडाळलं. हुडहुड थांबली.

टिंगीचं पिल्लू शिरलं घोंगडीत, आपली गोष्ट शिरली गोधडीत!