दमयंतीबाईंच्या दोन अक्षरांमध्ये

संगणक ट्रंकेएवढा असायचा, त्या दिवसांतली गोष्ट. दुरुस्तीवाल्या इनामदारांच्या टेबलावर दोन कारखान्यांच्या दोन चिप, म्हणजे संगणकाचे मेंदूच, पडल्या होत्या, नवी चपळा आणि जुनी सावळी. मशीन मात्र एकच, दमयंतीबाईंचं. जी टिकेल ती आत बसणार, दुसरी भंगाराच्या डब्यात जाणार.

"तू एक मोजशील तोवर मी हजार मोजीन," चपळा म्हणाली. तोंड तर तिचं त्याहून जोरात चालायचं.

"मोज की बाई. अडवलंय कुणी?" सावळी म्हणाली.

आधी चपळाला बसवलं. बाई तिथेच टेबलाशी बसून बहिणीला पत्र लिहायला लागल्या. एका बोटाने 'प्रि' उमटवला आणि पुढची कळ शोधत राहिल्या. चपळाला ती वेळ केवढी लांब वाटली! जणू चांदण्यांच्या आभाळात ती एकटीच उभी होती. थांबले तर माझ्यात आणि सावळीत फरक काय, असं वाटून ती उगाचच धावत सुटली.

"काम नाही तर बस ना गं, मला दम लागला," तिला गार ठेवणारा मशीनमधला पंखा म्हणाला.

"तुम्ही वारा घाला. अक्कल नका शिकवू."

धावून धावून ती तापली, भोवतीचं ते आभाळ लालभडक झालं आणि मशीन बंद पडलं. पत्र पुसलं गेलं.

इनामदारांनी तिला डब्यात टाकून सावळीला बसवलं. बाईंनी पुन्हा 'प्रि' उमटवला. मग सगळं शांत.

"झोपलीस का गं?" चपळाने डब्यातून विचारलं.

"नाही. बाईंना अक्षर सापडू दे."

तेव्हा कुठे चपळाने वर पाहिलं. बाईंचं बोट अजून कळांवर 'य' शोधत होतं.