बांधातल्या मुंग्या

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

फार मागे एका उसाच्या बांधात मुंग्या राहत होत्या. पाटाचं पाणी बाजाराच्या दिवशी शेतात यायचं, हे थोरल्या मुंगीने हेरलं होतं. ती आदल्या दिवशी सांगायची, "उद्या पाणी," आणि सगळ्या जणी अंडी वर न्यायच्या. तिचा शब्द कधी चुकला नव्हता.

एकदा बाजाराला अवकाश असतानाच धाकटी मुंगी अंडं उचलून निघाली.

"कुठे गं?" थोरली हसली. "पाणी परवा आहे."

"असेल, अक्का. पण माझे पाय ओले झालेत."

"आता तू मला शिकवणार?"

"नाही. तेवढी वाट सोडा."

तिच्यामागून बाकीच्याही निघाल्या. थोरली मात्र दारातच बजावत राहिली, "आज पाणी येणं शक्यच नाही." वर कुठेतरी पाट फुटला होता. पाणी पोटाला लागलं तेव्हा तिने वळून पाहिलं. तिच्या राखणीतली अंडी वाहून गेली होती.

ही गोष्ट लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या कांद्याच्या चाळीत गेलो. भाव वाढणारच म्हणून मी कांदा धरून ठेवला होता. खालचा थर चाचपला, तर हाताला ओल लागली. मी टेम्पो बोलावला.