रिकाम्या पानाचा मान

आमच्या कुंभेखिंडीच्या शाळेत पाहुणा आला की त्याच्यापुढे आधी रिकामे पान मांडतात. तुमच्यापुढेही मांडले आहे, गैरसमज नसावा. शाळेच्या वाफ्यातली भाजी आधी मुले चाखतात. उरली तर पाहुण्याला. याची एक कथा आहे. मी ती तिघांकडून तीन प्रकारे ऐकली, तेव्हा सांगण्यात चूक झाली तर ती माझी.

शाळेमागची जागा पूर्वी नुसता मुरूम होती. रखमाजी पाटलांना तिथे खळे करायचे होते, विसाजी मास्तरांना मुलांसाठी भाजीचा वाफा. पाटलांनी अट घातली: चंपाषष्ठीला इथली भाजी पंचांच्या पानात पडली तर जागा शाळेची, नाहीतर खळ्याची. तोवर आपण मीठ-भाकरीवर राहू, असा पण मास्तरांनी केला म्हणे.

मुलांनी मुळा पेरला. पाला तरारला, पण खाली मुळे काही पोसेनात. मास्तरांनी शेणखत वाढवले, पाणी बदलून पाहिले. शेवटी पाटलांचीच सात वर्षांची नात, तान्ही तिचे नाव, सहज बोलून गेली, "आम्ही रोज उपटून बघतो ना गुरुजी, केवढा झाला ते. परत नीट पुरतो."

मास्तर वाफ्याच्या कडेला मटकन बसले. पण रागावले नाहीत, असे सांगतात.

चंपाषष्ठीला मग पाल्याचीच भाजी केली, मुगाची डाळ घालून, एक पातेले. पंचांना यायला उशीर झाला. मीठ बेताचे आहे का पाहा, असे मास्तरांनी मुलांना सांगितले. एकाने पाहिले, त्याला खात्री वाटेना म्हणून दुसऱ्याने पाहिले. पंच पानांवर बसले तेव्हा पातेले लख्ख होते.

मास्तरांचा चेहरा उतरला. पंच हसू दाबत पाटलांकडे पाहू लागले. पाटील मात्र तान्हीकडे बघत होते. ती बोटाने पातेल्याची कड निपटत होती.

"घरी ही पानातली मेथी मांजरापुढे टाकते," पाटील म्हणाले. मग मास्तरांकडे वळून, "मास्तर, जागा तुमची. आता खळं कुठं करू, ते तुम्हीच सांगा."

मास्तरांनी ओढ्यापलीकडचा माळ दाखवला. त्या दिवशीही त्यांच्या वाट्याला मीठ-भाकरीच आली, म्हणे.

आजही आमचे खळे ओढ्यापलीकडेच आहे. सुगीत डोक्यावर भारे घेऊन माणसे घोटाभर पाण्यातून जातात आणि जाता जाता विसाजी मास्तरांच्या नावाने काहीबाही पुटपुटतात. वाफ्यातून गेले तर वाट निम्मी होईल. पण तिथे पाऊल कोणी टाकत नाही.