पडीची उंबरे

मुलांनो, घरात पोटापुरते असूनही, बाकीचे धावताना पाहून तुम्ही कधी उगाच धावत सुटला आहात का? आणि धावून दमल्यावर, आपण नेमके कशासाठी धावलो, हे तुम्हाला सांगता आले का? या गोष्टीतल्या खारीला ते सांगता आले नाही. म्हणून तिची गोष्ट सांगते.

डोंगराच्या उतारावर एक दाट रान होते. त्या रानात, एका जुन्या जांभळीच्या ढोलीत ही खार आपल्या पिल्लांना घेऊन राहत असे. पिल्ले नुकतीच दूध सोडून दाणे कुरतडायला शिकली होती. खार मोठी कामसू. दिवसभरात जे मिळे, त्यातले थोडेसे ती बाजूला काढी. कधी चारोळ्या, कधी बोरे. फांदीवर उन्हात टाकून ती ते खडखडीत वाळवी, दाताखाली वाजवून बघी आणि मगच ढोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवी. ओले काही तिने कधी आत जाऊ दिले नाही.

शेजारच्या झाडावरचा वानर तिची सारखी थट्टा करी.

"काय गं खारूताई, घरात लग्न काढलंयस की काय?"

"लग्न कसलं वानरभाऊ! पण पाहुणा काय सांगून येतो?"

"पाहुण्याचं राहू दे. तू स्वतः तरी कधी पोटभर खातेस का?"

खार नुसती हसे आणि बोरे परतायला लागे.

रानाच्या मधोमध, ओढ्याच्या काठाला, उंबराचे भले मोठे झाड होते. त्या झाडाखाली एक रीत चालत आली होती. ज्याला चढता येते त्याने फांदीवरचे खावे. जमिनीवर पडेल त्याला मात्र त्याने तोंड लावू नये. ते पडीचे. पडीचे म्हणजे ज्याला चढता येत नाही त्याचे. वानर खाताना अर्धे खात आणि अर्धे सांडत, पण त्यांच्यावर कुणी रागावत नसे, कारण त्या सांडण्यावरच खालच्यांचे चाले.

त्या खालच्यांत एक म्हातारी साळू होती. साळू म्हणजे अंगभर काटे असलेले साळिंदर. सगळे रान तिला आजी म्हणे. तिला आता नीट दिसत नव्हते, आणि नखे झिजल्यामुळे कंद उकरणेही होत नव्हते. दिवस कलला की ती हळूहळू उंबराखाली येई, नाकाने हुंगत पडीची उंबरे शोधी आणि चार घास खाऊन परत जाई. तेवढाच तिच्या जिवाला आधार होता, आणि हे रानात सगळ्यांना ठाऊक होते.

पाऊस संपून थंडी पडायला लागली होती. माती अजून ओली होती. अशात ओढ्यापलीकडून वाईट बातमी आली. पलीकडच्या रानात तापाची आणि खोकल्याची साथ पसरली होती. काल धडधाकट असलेला प्राणी आज उठत नाही, असे जो तो सांगू लागला. साळूआजीने लहानपणी अशी एक साथ पाहिली होती. म्हणून काय करावे हे विचारायला सगळ्यांनी टिटवीला आजीकडे पाठवले.

टिटवीला पंख होते, गळा होता, पण पुरते ऐकून घेण्याचा धीर नव्हता. ती गेली तशी परतली आणि रानावरून ओरडत सुटली.

"ऐका हो ऐका! आजी सांगते, एकमेकांच्या जवळ जाऊ नका! घरातच राहा! आणि असेल ते पुरून ठेवा! पुरून ठेवा!"

जांभळीखाली ससा कान टवकारून बसला होता. "पुरून ठेवा? का गं टिटवे? पुढं काही मिळणार नाही का?"

"मला काय माहीत? आजी उगीच सांगेल का?"

"म्हणजे मिळणारच नाही!" ससा उठलाच. "अगं बाई, माझ्या घरात तर सकाळचा पालासुद्धा उरला नाही!"

"असेल ते पुरून ठेवा" हे वाक्य झाडावरून झाडावर गेले आणि जाता जाता वाढत गेले. कुणी म्हणाले, ओढा आटणार आहे. कुणी म्हणाले, उंबर वठणार आहे. बघता बघता सगळे रान उंबराकडे धावू लागले. एकमेकांच्या जवळ जाऊ नका, हे आजीचे पहिले सांगणे कुणाच्या कानात राहिलेच नाही.

खार ढोलीच्या तोंडाशी उभी होती. तिने मागे वळून पाहिले. कोपऱ्यात चारोळ्या होत्या, बोरे होती. पिल्लांना आणि तिला थंडी निघेपर्यंत पुरेल एवढे सहज होते. ती मनाशी म्हणाली, "मला कुठं जायची गरज आहे?"

तेवढ्यात वानर उड्या मारत समोरून गेला. "बसलीस काय अशी, खारूताई? सगळं संपल्यावर पिल्लांना काय साली चारणार आहेस?"

त्याच्यामागून दुसरा गेला, तिसरा गेला. खाली झुडपे सळसळत होती.  घर भरलेले आहे हे खारीला कळत होते, पण ते कळणे पायांपर्यंत पोहोचले नाही. पिल्लांना "हलू नका" असे सांगून तीही धावली.

उंबराखाली तिने कधी पाहिली नव्हती अशी गर्दी होती. अंगाला अंग घासत होते. वरच्या फांद्यांवरून हिरवी, कडक, तुरट उंबरेसुद्धा ओरबाडली जात होती. आज एकही उंबर सांडत नव्हते, कारण आज कुणी खातच नव्हते, जो तो नेत होता. गर्दीत कुणीतरी खोकत होते. ससा होता तो. "घशात पाचोळा गेला, पाचोळा!" असे तो सांगत होता आणि पुन्हा खोकत होता. कुणाचे तिकडे लक्ष नव्हते.

खार वर चढली, तर फांद्या रिकाम्या. ती खाली उतरली. मुळांच्या बेचक्यात कालची पडीची उंबरे होती, पिकून मऊ झालेली. तिला आजी आठवली. ती जरा थबकली. पण शेजारून एका वानराने हात घातला, सशाने तोंड घातले, आणि उरलेली उंबरे तिच्या डोळ्यांदेखत कमी होऊ लागली. "मी नाही घेतली तर हे घेणारच आहेत," असे म्हणून तिनेही तोंड भरले. एक खेप झाली, मग दुसरी झाली. जांभळीच्या मुळाशी तिने ओल्या मातीत खड्डा केला आणि सगळी उंबरे त्यात पुरून टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने काही न वाळवता ठेवले होते.

मग रान गप्प झाले. पण ती शांतता फार टिकली नाही. ज्या उंबराखाली सगळे गोळा झाले होते, तिथूनच साथ घरोघर गेली. आधी सशाच्या बिळातून खोकला ऐकू येऊ लागला, मग वानरांच्या झाडावरून. थोड्याच दिवसांत सशाचे बीळ गप्प झाले. थट्टा करणारा वानर एका सकाळी फांदीवर दिसला नाही, आणि त्यानंतर कधीच दिसला नाही. खारीलाही ताप आला. ती पिल्लांकडे पाठ करून ढोलीच्या दाराशी पडून राहिली. तिच्या सुदैवाने ताप उतरला आणि पिल्ले बचावली. पण खोकला काही जाईना.

अंगात थोडी ताकद आल्यावर तिला पुरलेल्या उंबरांची आठवण झाली. तिने खड्डा उकरला. आत आंबट वास मारणारा लगदा होता. त्यावर पांढरी बुरशी धरली होती आणि अळ्या वळवळत होत्या. तिच्या एकटीच्याच खड्ड्यात नव्हे, अख्ख्या रानात ठिकठिकाणच्या मातीला तोच वास येत होता. रानाचे अन्न मातीत कुजले होते आणि उंबरावर हिरवे फळसुद्धा उरले नव्हते.

दूर एका दगडावर टिटवी बसली होती. आज तिचा आवाज खाली आला होता.

"खारूताई, जवळ येत नाही हं. इथूनच बोलते. तुला आजी दिसली का कुठं?"

"नाही. का?"

"रोज दिवस कलला की उंबराखाली यायची. हुंगायची, माती चाटायची आणि तशीच परत जायची. मी वरून बघत होते. काल ती आलीच नाही."

 खार लगेच आजीच्या बिळाकडे निघाली. बीळ उताराच्या पायथ्याशी होते. आपला खोकला आजीला लागेल म्हणून ती उतारावरच थांबली आणि तिथून तिने हाक मारली.

"आजी! ए आजी! मी जांभळीवरची खार!"

बऱ्याच वेळाने आतून काटे सळसळल्याचा आवाज आला. "तू होय? पिल्लं बरी आहेत ना गं?"

"बरी आहेत. तू कशी आहेस, आजी? ताप आहे का?"

"ताप कुठला? माझ्याजवळ आलंय कोण ताप घेऊन?" आजीचा आवाज पार खोल गेला होता. "पोटात काही नाही, एवढंच. उंबर रुसलंय या वर्षी. काही पाडतच नाही."

खारीने मान खाली घातली. "आजी, उंबर रुसलं नाही. आम्ही सगळं नेलं. तू सांगितलंस ना, असेल ते पुरून ठेवा."

"काय ठेवा?"

"पुरून."

आतून काटे जोरात सळसळले. मग आजी म्हणाली, "पुरून नाही गं बाई. पुरवून! असेल ते पुरवून खा, असं म्हणाले होते मी. दोन घासांच्या जागी एक घास खा, म्हणजे सगळ्यांना पुरेल. कमी पडलं तर एकेकानं उंबराखाली यावं, लागेल तेवढंच न्यावं, असंही म्हणाले होते. ते ऐकायला टिटवी थांबलीच नाही वाटतं."

"नाही थांबली."

"एवढंसं अक्षर गळलं वाटेत," आजी म्हणाली, "आणि रान ओस पडलं."

खारीला टिटवीचा राग आला असता, तर बरे झाले असते. पण तिला तो येईना. "आजी, पडीची उंबरं मीसुद्धा नेली," ती म्हणाली. "तुझी आहेत हे माहीत असून."

"तुझ्या घरात तर होतं ना गं?"

"होतं. भरपूर होतं."

"मग?"

 "सगळे धावत होते," एवढेच खार म्हणाली. आजीने त्यावर तिला बोल लावला नाही. आतून नुसता एक लांब श्वास ऐकू आला, आणि त्यानंतर हाक मारूनही उत्तर आले नाही.

खार धापा टाकत ढोलीत परतली. कोपऱ्यातला साठा तिने पुढ्यात ओढला. तो आता पूर्वीइतका राहिला नव्हता. तापाच्या दिवसांत ती काहीच आणू शकली नव्हती, आणि बाहेर नव्याने काही मिळण्याजोगे नव्हते. समोर पिल्ले डोळे लावून बसली होती. आजीचा वाटा काढला तर थंडी निघेल का? तिने बोरे पुढे सरकवली, मागे ओढली, पुन्हा पुढे सरकवली. मग तिने मोठ्या पिल्लाच्या पुढ्यातल्या दोन बोरांतले एक उचलले, धाकट्याच्या पुढ्यातले एक उचलले, आणि आपल्या पुढ्यातली दोन्ही उचलली. साठ्यातलीही थोडी बोरे तिने आजीसाठी बाजूला काढली.

"आई, तू काय खाणार?" मोठ्याने विचारले.

"उद्या खाईन. आजपासून आपल्याला पुरवून खायचंय," खार म्हणाली.

एका पानात मावतील तेवढी बोरे गुंडाळून ती पुन्हा उतारावर गेली. उतरून थेट बिळाच्या तोंडाशी बोरे ठेवावीत, असे तिला फार वाटले. पण तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि ती जागीच थांबली. आजीच्या पोटात घास गेला आणि पाठोपाठ अंगात ताप शिरला, तर काय उपयोग? मग तिने एकेक बोर उतारावरून सोडायला सुरुवात केली. वाळलेली बोरे टणटणीत होती. काही गवतात अडकली, काही दगडाला लागून भलतीकडे गेली. काही मात्र गडगडत बिळाच्या अंधारात शिरली. खार पुन्हा ढोलीत गेली आणि पुन्हा बोरे घेऊन आली. ऊन उतारावरून निघून गेले तरी तिच्या खेपा चालू होत्या.

"आजी, बोरं आहेत गं! वाळलेली आहेत, गोड आहेत! खा!"

आतून काटे सळसळले नाहीत. खार कान देऊन बसली. टिटवी दूरच्या दगडावर गप्प बसून होती.  अंधार पडू लागला तशी पिल्लांच्या काळजीने खार घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिळाच्या तोंडाशी बोरांच्या कुरतडलेल्या आठळ्या पडल्या होत्या.

तात्पर्य : अडचणीच्या दिवसांसाठी आधीपासून थोडे थोडे, आपल्यापुरते जमवून ठेवणे हे शहाणपणाचे असते. पण भीतीपोटी एकदम ओरबाडून नेले, तर आपले घर त्याने भरत नाही. जो सगळ्यांत शेवटी पोहोचतो, त्याच्या तोंडचा घास मात्र हिरावला जातो.