भिवबाचा झरा

कोणे एके काळी एका अवघड घाटाच्या पायथ्याशी वाटाड्यांचं एक गाव होतं. कुठं, ते विचारू नका. मलाही नीट सांगितलेलं नाही. पलीकडच्या बाजाराला जाणारे लोक या गावात थांबायचे, वाटेची माहिती घ्यायचे आणि मगच चढायला लागायचे. त्यामुळे तिथल्या पोरांना बाराखडी आली की लगेच वाट शिकवायला घेत.

वाट शिकवणारे एक गुरुजी होते. त्यांच्या पेटीत जुन्या वाटाड्यांनी लिहिलेल्या वह्या होत्या. शिष्यानं वही वाचायची, मिटून पेटीत ठेवायची, घाट स्वतः चढून उतरायचा आणि मग आपल्या शब्दांत वाट लिहायची. जे दुसऱ्याकडून कळलं त्यापुढे त्याचं नाव घालायचं. गुरुजींना लिखाण पटलं की शिष्याला पितळी कड्याची काठी मिळे. तो वाटाड्या झाला, आणि त्याचा कागद चावडीवर लागला. जाणारे-येणारे त्याची नक्कल करून नेत.

या गुरुजींची एक शिष्या होती, गोजरा. डोकं तल्लख, पण पायांचा आळस. काठी मात्र तिला यंदाच हवी होती. चैत्री पौर्णिमेला घाटातल्या एका जवळच्या, पण हल्ली फारसं कुणी न जाणाऱ्या वाटेचा कागद द्यायचा होता आणि गोजरा रोज म्हणे, "वाट काय पळून जातेय? उद्या जाईन." असे उद्या उद्या करत पौर्णिमा दोन दिवसांवर आली.

तेव्हा तिनं पेटीतून भिवबा नावाच्या वाटाड्याची वही काढली. वही सुरेख होती. तिच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : 'मी भिवबा. म्हातारपणी, डोळे अजून शाबूत असताना, पाहिलं ते लिहितो.' गोजरानं ही ओळ तेवढी गाळली. बाकीची वही उघडी ठेवून ती एकेक शब्द बदलत गेली. वडाचा वटवृक्ष झाला, झऱ्याचा निर्झर झाला, डावीकडचा वामभाग झाला. जुन्या सदऱ्याला नवी बटणं लावली की सदरा आपला झाला, असं तिला वाटलं.

पौर्णिमेला तिनं कागद वाचून दाखवला. गुरुजी थकले होते, घाट चढून त्यांना बरीच वर्षं झाली होती. ते म्हणाले, "यात कुणाचंच नाव नाही. सगळं तूच पाहिलंस?"

गोजरानं होकारार्थी मान हलवली.

"मधल्या झऱ्याचं पाणी कसं आहे गं?"

"गोड आहे, गुरुजी," गोजरा म्हणाली.

तिला काठी मिळाली. आईनं दारात ओवाळलं. पण त्या दिवसापासून गोजराला चैन पडेना. भाकरीचा घास तोंडात फिरायला लागला. चावडीवरून कुणी हसत गेलं तरी ते आपल्यालाच हसलं असं वाटे. काठी कोपऱ्यात उभी केली तर तिच्याकडे नजर जाई, म्हणून तिनं ती माळ्यावर टाकली. मग माळ्याकडे नजर जायला लागली.

चार दिवसांनी एक कुंभार, त्याची बायको आणि तीन वर्षांची लेक मुक्कामाला आली. सोबत चार गाढवं, त्यांवर गवतात बांधलेली मडकी. कुंभारानं गोजराच्या कागदाची नक्कल करून घेतली आणि पहाटेच घाटाला लागला. निघताना त्यानं पाण्याचा एकच तांब्या घेतला. मडकी भरली असती तर ओझ्यानं गाढवं बसली असती आणि धक्क्यानं माल फुटला असता. शिवाय अर्ध्या वाटेवर झरा होताच. कागदात लिहिलं होतं.

ऊन वर आलं तेव्हा घाटावरून एक धनगर खाली उतरला. चावडीवर कुणीतरी गोजराचा कागद मोठ्यानं वाचत होतं. धनगर ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "हा झरा कोन सांगतंय? दरड आली तवाच गाडला त्यो. मी तवा एवढासा व्हतो. वर थेंब न्हाई पाण्याचा."

गोजरा तिथंच होती. कुंभाराची लेक पहाटे अर्धवट झोपेत आईच्या खांद्यावर होती, ते तिला आठवलं.

ती घरी धावली, पाण्याच्या दोन कातडी पिशव्या भरल्या आणि घाट चढायला लागली. आपला कागद तिला तोंडपाठ होता. 'वटवृक्षाच्या वामभागी वळावे.' ती वळणावर आली, तर समोर तीन वड! कुठल्या वडाच्या डाव्या बाजूला? भिवबाला ठाऊक असणार. तिनं शब्द बदलले होते, पण त्या शब्दांमागचं झाड तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ती एका बाजूनं गेली, वाट कड्यापाशी संपली. परत आली. दुसऱ्या बाजूनं गेली, करवंदीच्या जाळीत अडकली. पाय सोलून निघाले. पाण्याला हात लावायची हिंमत होईना. मनात एकच धोशा : ती पोरगी, ती पोरगी.

शेवटी तिनं कागदाचा नाद सोडला आणि खाली बघितलं. गाढवांची ताजी लीद पडली होती. तिचा माग काढत ती चढत राहिली. वाटेकडे नीट बघण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

डोक्यावरचं ऊन भाजत होतं. एका खडकाच्या सावलीत कुंभारीण बसली होती आणि मांडीवर लेक निपचित पडली होती. ओठ पांढरे. कुंभार झऱ्याच्या जागेवरचे दगड उपसत होता, बोटांतून रक्त येत होतं. पलीकडे शंभर मडकी होती, सगळी कोरडी.

गोजरानं पोरीच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडलं. बऱ्याच वेळानं पोरीनं डोळे उघडले आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून कुंभारीणही रडली.

कुंभार म्हणाला, "पोरी, तूच लिहिलंस ना, पाणी गोड आहे म्हणून? मग झरा गेला कुठं?"

"काका, मी झरा पाहिलाच नाही," गोजरा म्हणाली. "ते भिवबांनी लिहिलेलं. मी शब्द फिरवले आणि त्यांचं नाव खोडलं."

कुंभारानं हातातला दगड खाली टाकला. मग म्हणाला, "अगं, भिवबाचं नाव असतं तरी पुरलं असतं. तो म्हातारा माझ्या आजाच्या वेळचा. एवढं जुनं आहे म्हटल्यावर मी पाण्याला पाचवं गाढव केलं असतं. तू नाव नाही खोडलंस, आमचं पाणी खोडलंस."

गोजराला रडू आवरेना. तिनं त्या तिघांना सावकाश खाली आणलं आणि सगळ्यांच्या देखत गुरुजींसमोर काठी ठेवली. गुरुजींनी तिच्या सोललेल्या पायांकडे पाहिलं.

"चूक माझीही आहे," ते म्हणाले. "कागद ऐकला तेव्हाच हे पाय बघायला हवे होते. काठी आता पुढच्या वर्षी. आज चावडीवरचा कागद तुझ्या हातानं काढ."

गोजरा वर्षभरात नऊ वेळा घाट चढली. धनगराला विचारलं, भिवबाची वही पुन्हा वाचली, मिटली आणि मग लिहिलं : 'भिवबा सांगतात, इथे झरा होता. धनगर सांगतो, तो दरडीखाली गेला. मी पाहिलं, तिथे आता नुसते दगड आहेत. पाणी पायथ्यापासून न्या.' कागदात सहा जणांची नावं होती, आणि तरी तो पहिल्यापेक्षा जास्त तिचा होता.

पुढच्या चैत्रात कुंभार पुन्हा आला. त्यानं नवा कागद सबंध वाचला, नक्कल केली. मग बाहेर जाऊन उगाच चार माणसांना विचारून आला, की पोरगी खरंच वर गेली होती का. गोजरानं ते पाहिलं. तिला फार लागलं. तरी गाढवावर पाण्याच्या घागरी बांधायला तिनं त्याला हात दिला.

तात्पर्य एवढंच : दुसऱ्याचे शब्द फिरवून ज्ञान आपलं होत नाही. वाचा, समजून घ्या, आपल्या शब्दांत लिहा, आणि ज्याचं आहे त्याचं नाव राहू द्या. त्या नावाच्या भरवशावर कुणीतरी घाट चढणार असतं.