डांगरखिंडीला कवाड नाही

तुम्ही वाडीत आलात ती वाट डांगरखिंडीतली. खिंडीच्या पलीकडे, अगदी तोंडाशी, डांगराचे वेल माजलेले पाहिलेत ना? एवढाले लाल भोपळे लोळत असतात, पण माणूस त्यातला एकही खात नाही. रानडुकरं त्याच वाटेने येऊन आमची परसं उकरतात, तरी खिंडीला कवाड लावायचं नाव कोणी काढत नाही. पाहुणे हसतात. हसा, पण बसून ऐका. माझ्या आजेसासूने खत पसरता पसरता मला सांगितलं, तसंच सांगते.

फार मागे गोजरा नावाची सून होती म्हणे, आमच्याच घराण्यातली. म्हणून सांगताना माझी मान जरा खालीच जाते. तिच्यासारखं परस आसपास कुणाचं नव्हतं. वांगी, घेवडा, माठ, आणि माहेरच्या बियाण्याचं काळ्या पाठीचं डांगर. तसलं डांगर वाडीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. बाया विचारायच्या, "गोजरे, मातीत घालतेस तरी काय गं?" ती म्हणायची, "माझ्या हातालाच गुण आहे."

हाताला कसला गुण! गोठ्यात तांबू गाय होती. तिचं शेण खड्ड्यात पडायचं, वर राख, पालापाचोळा. वर्षभर कुजून काळं भुसभुशीत व्हायचं आणि वाफ्यात जायचं. सगळी करणी त्या खताची.

पुढे तांबू म्हातारी झाली, भाकड झाली. एका उन्हाळ्यात वैरण सरत आली. गोजरा दावणीशी उभी राहून म्हणाली, "दूध नाही, वासरू नाही. खायला भारा लागतो आणि देते काय, तर नुसतं शेण!" तेवढा शब्द तिच्या तोंडून गेला, असं सांगतात.

घरधनी परगावी होता. गोजराने तांबूला माळ्यावरच्या डांगराच्या फोडींची चटक लावली. मग एके दिवशी भर दुपारी, वाडी निजलेली पाहून, ओच्यात फोडी घेऊन निघाली. गाय आपली फोडीमागे फोड खात तिच्या मागून. दावं लागलं नाही, काठी लागली नाही. खिंडीपलीकडे शेवटची फोड टाकली, ही मागे फिरली आणि खिंडीला तेव्हा काट्यांचं कवाड होतं, ते ओढून घेतलं.

संध्याकाळी तिनेच बोंब ठोकली, "राणब्याने माझी गाय हरवली!" राणबा वाडीचा गुराखी. तो हात जोडून म्हणाला, "वैनी, तांबू आज माझ्या कळपात नव्हतीच. आठवा की जरा."

"मग काय मी खोटं बोलते?"

मोठ्या घरच्या सुनेला खोटं कोण म्हणणार? लोकांनी ओढ्याकाठ धुंडाळला. खिंडीकडे कोणी फिरकलं नाही, कारण कवाड तर लावलेलं, आणि तेव्हा ती नुसती रानाची वाट, रहदारीची नव्हती. गाय सापडली नाही. वाडीने राणबाकडची गुरं काढून घेतली आणि तो बिचारा लाकूडफाटा वाहू लागला.

पावसाळा आला, तसे वेल उगवले. गोजराच्या मागल्या दारापासून, वाटेत जिथे जिथे तांबूचं शेण पडलं होतं तिथे तिथे, थेट खिंडीपर्यंत. राणबाने ते पाहिलं. चावडीवर तो एक शब्द बोलला नाही. वेल फळल्यावर एक डांगर आणून गोजराच्या ओट्यावर ठेवलं.

"वैनी, पाठ काळी हाय. बी कुणाचं, ते तुमीच वळखा."

गोजरा वेलामागे वेल बघत खिंडीपर्यंत गेली. कवाड उघडलं. तिला वाटलं होतं, पुढेही वेल दिसतील, गाय रानात कुठे कुठे चरली ते कळेल. पुढे एकही वेल नव्हता. सगळे कवाडाच्या पायाशीच, एकात एक गुंतलेले. तांबू कुठे गेलीच नव्हती. कोणी येऊन उघडेल म्हणून तिथेच उभी राहिली होती. पानांखाली तिची हाडं होती म्हणे, आणि शिंगं घराकडे वळलेली.

गोजराने चावडीवर येऊन सगळं कबूल केलं. कवाड स्वतःच्या हाताने जाळलं. राणबाला गुरं परत मिळाली. जन्मभर आपल्या खड्ड्यातली खताची पहिली पाटी ती डोक्यावरून राणबाच्या परसात नेत राहिली. त्याने खत घेतलं, पण तिच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. शेवटी घेतलं, असंही काही जण सांगतात. माझ्या आजेसासूने तसं सांगितलं नव्हतं.

आजही त्या वेलांची डांगरं आम्ही भाकड गुरांपुढेच ठेवतो. आजही इथली बाई खताची पहिली ओंजळ वाफ्यात सोडताना म्हणते, "तांबू, नुसतं नव्हे गं." मी म्हणते, माझ्या सुनाही म्हणतात. आणि खिंड उघडीच असते. डुकरं येऊन वांगी खातात. खाऊ देत.