मागे ठेवलेलं बोळकं

गोजराचं कुणी ऐकलं नाही. बांधावर उभी राहून ती घसा बसेपर्यंत ओरडली, आणि दोन गावांतल्या एकाही शहाण्याला ती खरी वाटली नाही. म्हणून ही गोष्ट सांगावी लागते आहे. लहानांनी पुढं सरकावं. मोठ्यांनी मागं बसून नुसत्या माना डोलवू नयेत, कान द्यावेत.

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की आसपासच्या डोंगरांना अजून नावं पडायची होती. एक मोठं तळं होतं. त्याच्या अलीकडच्या काठावर ऐलगाव, पलीकडच्या काठावर पैलगाव. तळ्याचं पाणी कुणाच्या शेताला सोडायचं यावरून पूर्वी डोकी फुटत. मग जुन्या माणसांनी ठरवलं, की सुगी झाली की दोन्ही गावांनी बांधाखालच्या माळावर हुतुतू खेळावा. जिंकेल त्याला वर्षभर पाणी. हरेल त्यानं विहिरी उपसत बसावं.

खेळ तुम्हाला ठाऊक आहे. दम धरून, तोंडानं हुतुतू म्हणत दुसऱ्याच्या अंगणात शिरायचं, गडी मारायचा आणि दम तुटायच्या आत मधली रेघ गाठायची. पण त्या दोन गावांची एक रीत होती, ती तुम्हाला ठाऊक नसेल. पोरगा संघात आला, की देवीसमोर बसून तो एका कोऱ्या बोळक्यात आपला श्वास फुंकायचा. बोळक्याच्या तोंडाला मेण लावून, वर फडकं बांधून ते देवळाच्या आढ्याला टांगायचे. त्या दिवसापासून त्याचा दम गावाचा. गडी थकला, की आपलं बोळकं आपल्या हातानं उघडायचा आणि श्वास परत घ्यायचा. गाव सोडून गेला, तर बोळकं त्याच्याबरोबर जायचं, नाहीतर त्याचा श्वासच मागं राहिला असता. यात कुणी कधी खोटेपणा केला नव्हता.

गोजराचा धाकटा भाऊ लिंबाजी ऐलगावचा कोपरा राखायचा. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनंच त्याला भाकरतुकडा घालून वाढवलं. लिंबाजी चढाईला कधी जात नसे. तो कोपऱ्यात उभा राहायचा, आणि त्याच्या हाताला लागलेला माणूस परत जायचा नाही. पण अशा गड्याच्या नावानं कोण शिट्ट्या मारतं? ऐलगाव लागोपाठ हरत होतं आणि चावडीवर रोज पंचायत बसत होती.

"धरून ठेवणारा काय कामाचा? आणणारा पाहिजे," पाटील म्हणाला. "पैलगावचा सटवाजी बघा. असा शिरतो, असा निघतो. त्यांना कोपरा हवाय, आपल्याला चढाईवाला. लिंबाजी देऊ, सटवाजी घेऊ."

"आणि कोपरा कोण राखणार, तुमचा सासरा?" गोजरानं दारातून विचारलं.

सगळे हसले. पाटीलही हसला. पण बोली झाली ती झालीच.

अदलाबदलीच्या दिवशी, ऐन दुपारी, गोजरा देवळात गेली. भावाच्या नावानं देवीला फूल वाहायचं होतं. आत पाटील एकटाच होता. त्यानं आढ्याचं लिंबाजीचं बोळकं उतरवलं, देवीच्या पाठीमागच्या अंधाऱ्या खोबणीत सारलं, आणि दुसऱ्या एका रिकाम्या बोळक्याला मेण लावून फडकं बांधलं. बांधता बांधता स्वतःशीच पुटपुटला, "गडी त्यांचा, दम आमचा."

तो बाहेर पडला आणि थेट बांधावर गेला. गोजरा त्याच्या मागं पळत सुटली.

बांधावर दोन्ही गावं जमली होती. तिनं तिथंच आरोळी ठोकली. "लिंबाजीचं बोळकं देवळात आहे! हे रिकामं आहे! पाटलानं देवीच्या पाठीमागं दडवलंय, मी डोळ्यांनी पाहिलं!"

पाटलानं हातातलं बोळकं उंच धरलं. "उघडून दाखवू? मेण फुटलं की दम मोकळा, गडी म्हणून तो संपला. मग तुझा भाऊ ना इकडचा ना तिकडचा. बोल, उघडू?"

गोजरा बोळक्याकडे झेपावली, पण लोकांनी तिला मागं ओढलं.

"नाहीतर जा," पाटील म्हणाला, "देवीच्या पाठीमागं हात घालून बघ. कुणाची हिंमत आहे?"

देवीच्या पाठीमागं हात घालणाऱ्याचा हात झडतो, असं तिथं पिढ्यान्‌पिढ्या मानत. कुणी हललं नाही. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ चाललाय, म्हणून डोकं फिरलंय बिचारीचं." लिंबाजीनं बहिणीकडं पाहिलं, "येतो गं अक्का" म्हणाला, आणि रिकामं बोळकं काखेला मारून पलीकडे गेला. पलीकडून सटवाजी त्याचं बोळकं घेऊन अलीकडे आला. दोन्ही पाटील एकमेकांना कडकडून भेटले. दोघेही हसत होते. एवढं हसण्यासारखं काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

आलेला गडी गेलेल्याच्याच घरी राहायचा, अशी पद्धत होती. सटवाजी गोजराच्या घरी आला. उंच, देखणा, वागायला गरीब. वाढेल ते खायचा, पाणी भरून आणायचा, तिला अक्का म्हणायचा. राग धरावा असं त्यानं काही केलं नाही, आणि तिला राग धरायचा होता.

थंडी पडली. एका सकाळी ती दोघं अंगणात शेकोटीपाशी बसली होती. गोजराच्या तोंडातून वाफ निघत होती. गोठ्यातल्या म्हशीच्या नाकातून निघत होती. कुंपणावरच्या कुत्र्याच्याही. सटवाजी बोलत होता, हसत होता, आणि त्याच्या तोंडासमोरची हवा कोरडी होती.

गोजरानं हातातली काटकी खाली ठेवली. "सटवाजी, तू श्वास घेत नाहीस."

"नाही अक्का," तो सरळ म्हणाला. "आमच्या पाटलानंही माझं बोळकं ठेवून घेतलं. मी आणलं ते रिकामं होतं. त्या दिवशी तू बांधावर ओरडत होतीस ना, तेव्हा मला कळलं, की इकडं पण तेच झालंय. मी तोंड उघडलं असतं, तर आमच्या पाटलानं देवळात जाऊन, मी जवळ नसताना, माझं बोळकं फोडलं असतं आणि दम वाऱ्यावर गेला असता."

"मग खेळतोस कसा?"

"शेजारी जो असतो, त्याचा येतो." त्यानं मान खाली घातली. "मी मागत नाही. ओढत नाही. आपोआप येतो. म्हणून तर मी तुझ्यापासून लांब बसतो."

गोजरानं पाहिलं. शेकोटीच्या ज्वाळा सगळ्या त्याच्याकडे झुकल्या होत्या, आणि वारा नव्हता.

"लिंबाजीचंही असंच चाललं असेल?"

"असंच. पाण्याच्या मोठ्या सामन्यापर्यंत आम्ही दोघं टिकू. त्या दिवशी मी त्याच्या अंगणात शिरेन आणि तो मला धरेल. बिनश्वासाची दोन माणसं एकमेकांना भिडली, की ज्याची ओढ जास्त तो दुसऱ्याचं उरलंसुरलं घेणार. एक जण राहील."

"कोण?"

"माझी ओढ जास्त आहे, अक्का," सटवाजी म्हणाला, आणि त्याला ते म्हणताना वाईट वाटलं, हे गोजराला दिसलं.

ती तशीच उठून चावडीवर गेली. तिनं सगळं सांगितलं. चावडी खो खो हसली. कारण त्या हंगामात ऐलगाव जिंकत होतं. आसपासच्या वाड्यावस्त्यांबरोबरचे सगळे सामने सटवाजीनं एकट्यानं आणले होते. तो शिरला की दम तुटतच नसे. सौदा शहाणपणाचा झाला की नाही, यावर वाद घालणारे आता उरलेच नव्हते. जो तो म्हणत होता, ही अक्कल मीच पाटलाला दिली.

"अगं, तुझा भाऊ पैलगावात गाजतोय," एकानं तिला टोमणा मारला. "त्यानं धरलेला सुटत नाही म्हणतात. तुला त्याचंही सुख नाही?"

"पैलगावच्या गाई हंबरायच्या थांबल्यात, ते नाही कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "आणि इथं काय चाललंय ते बघा की डोळे उघडून!"

बघण्यासारखं पुष्कळ होतं. लोहाराचा भाता फुगत नव्हता. कोंबडे मान ताणायचे, चोच उघडायचे, आणि आवाज यायचा नाही. पोरांच्या पिपाण्या वाजत नव्हत्या. सटवाजीशेजारी साखळीत उभे राहणारे गडी चार पायऱ्या चढले की भिंतीला टेकायचे. भर दुपारी गावातून चाललं, तर आपल्याच पावलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटायचा, इतकं गाव गप्प झालं होतं. लोक म्हणायचे, यंदा हवाच जड आहे.

गोजरा पाटलाच्या दारी गेली. देवळाला आता कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या कमरेला. "पाटील, पाया पडते. भावाचं बोळकं द्या. त्यांच्याकडूनही सटवाजीचं मागून घ्या. दोन्ही पोरं जगतील."

पाटलाला बोलताना धाप लागत होती, तरी तो म्हणाला, "आणि पाणी? मी मागितलं, म्हणजे मी ठेवलं हे कबूल केलं. जा गोजरे. सामना झाल्यावर बघू."

"सामना झाल्यावर काय बघायचं? माझ्या भावाचं मढं?"

त्यानं दार लावून घेतलं.

सामन्याच्या दिवशी गड्यांना अंगारा लावायला देऊळ उघडलं. अंगारा लावून सगळे वाजतगाजत माळाकडे गेले. वाजंत्री कसली, फुंकणाऱ्याला फुंक येत नव्हती. नुसता ढोल बडवत गेले. देऊळ उघडंच राहिलं.

गोजरा आत शिरली. देवीच्या डोळ्यांकडे न पाहता तिनं पाठीमागच्या खोबणीत हात घातला. हात झडला नाही. बोळकं हाताला लागलं. ते कोमट होतं. तिनं कानाला लावलं, तर आत कुणीतरी गाढ झोपल्यासारखं सावकाश घोरत होतं. लहानपणी लिंबाजी तिच्या कुशीत असाच घोरायचा.

ती माळावर पोचली तेव्हा शेवटची चढाई सुरू होती. दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. सटवाजी पैलगावच्या अंगणात शिरला होता. हुतुतू, हुतुतू. आवाजाला चढ नाही, उतार नाही. परतताना त्यानं कोपरा ओलांडला, आणि कोपऱ्यातून लिंबाजीनं त्याला कमरेला धरलं.

लिंबाजी ओळखू येत नव्हता. छातीच्या जागी खळगा पडला होता. पण पकड तीच होती.

सटवाजी जमिनीवर सरपटत मधल्या रेघेकडे सरकू लागला. हुतुतू थांबलं नाही. माळावरची हवा पातळ झाली. तळ्याच्या पाण्यावरची लहर बसली आणि पाणी आरशासारखं झालं. झाडाचं पान हलेना. बघे गळ्याला हात लावू लागले. आयांनी पोरांना छातीशी धरलं. आणि लिंबाजीचा चेहरा ओठांपासून निळा होत कपाळाकडे चालला.

"पैलगावचे पाटील!" गोजरा ओरडली. "सटवाजीचं बोळकं आणा! हे बघा, मी माझं आणलंय! तुमचं आणा, दोघंही वाचतील!"

पैलगावचा पाटील तळ्याकडे बघू लागला. जसं काही त्याला कुणी हाक मारलीच नव्हती.

"खाली ठेव ते!" ऐलगावचा पाटील धापा टाकत किंचाळला. "वीतभर रेघ राहिलीय! पाणी आपलं आहे! गोजरे, गावाचं पाणी आहे!"

सटवाजीची बोटं रेघेला टेकणार होती. त्यानं मान वळवून गोजराकडे पाहिलं. तोंडानं हुतुतू चालू होतं, ते त्याच्या हातात नव्हतं. डोळे मात्र त्याचे स्वतःचे होते. ते म्हणत होते, अक्का, मी काय करू?

गोजरानं बोळकं दगडावर आपटलं.

आवाज मोठा झाला नाही. कुणी पाण्यातून वर येऊन श्वास घ्यावा तसा एक सुस्कारा माळभर फिरला आणि लिंबाजीच्या छातीत शिरला. लिंबाजी मोठ्यानं खोकला. त्याच क्षणी हुतुतू थांबलं. सटवाजीचा हात रेघेच्या अलीकडेच पडला. लिंबाजीनं त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि हलवून हलवून हाका मारल्या. सटवाजी सुकलेल्या पानासारखा हलका लागत होता.

पाणी पैलगावला गेलं. पण पुढं काय झालं तेही ऐका. पैलगावच्या देवळात, मूर्तीच्या मागं, सटवाजीचं बोळकं तसंच राहिलं. त्याचा धनी मेला तरी आतला दम मेला नाही. रोज ऐन दुपारी आतून हुतुतू ऐकू येऊ लागलं, सावकाश, न थांबता. ते उघडायची हिंमत ना पाटलात होती ना पुजाऱ्यात. एकेक घर उठून गेलं. शेवटी भरल्या शेतांत पाणी वाहत राहिलं आणि ते बघायला माणूस नव्हतं.

ऐलगाव उठून गेलं नाही. जाण्याइतका दमच कुणात नव्हता. गेलेला श्वास परत आला नाही, आणि तिथं जन्मलेलं पोर रडायचं तेही आवाज न करता. गोजरा भावाला घेऊन डोंगरापलीकडे राहायला गेली. तिथं तो शेतात खपायचा आणि संध्याकाळी ओसरीवर घोरत पडायचा. कुणी त्याला उठवलं, तर ती अंगावर धावून जायची.

माणूस द्यायचा तर त्याचा जीवही त्याच्याबरोबर द्यावा. अर्धा दडवून केलेला सौदा घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारखाच खातो.

हे तुम्हाला कळलं, ऐलगावला नाही कळलं. तिथं आजही माणसं भिंतीला टेकून धापा टाकतात आणि पाणी कुणामुळं गेलं, ते सांगतात. पाटलाचं नाव कुणी घेत नाही. पैलगावच्या पाटलाचंही नाही. दोन शब्दांच्या मध्ये थांबून, छातीवर हात ठेवून, सगळे एकच नाव घेतात.

गोजरा.